हात ज्याचा, चावी त्याच्या खिशात

१२ जानेवारी
दुकान बंद केल्यावर

पाळकसाहेब यांस,

तुमचं पत्र ह्यांच्या नावाने आलं, पण फोडलं मी. ज्याच्या उजव्या हाताला नुसता अंगठा उरला आहे, त्याला पाकीट फाडताना किती त्रास होतो ते तुम्हाला इतक्या लांबून दिसत नसेल. फोडलं मी, तेव्हा उत्तरही मीच देते. उत्तर नाही असं आहे.

लंबूला मी दुकानात परत घेणार नाही.

तुम्ही लिहिता, गोदामातलं पोती उचलायचं काम गेलं, दुसरं काम मिळत नाही, त्याच्या हातात कला आहे आणि ती वाया चालली आहे. त्याच्या हातातली कला तुम्ही मला सांगता? त्याला सुरा धरायला मी शिकवलं. पातं हाडाच्या कडेने सरकवायचं, मांस फाडायचं नाही, सोडवायचं, हे मी त्याच्या मनगटाला धरून शिकवलं. आपलं दुकान आजोबांनी घातलं, बाबांनी वाढवलं. बाबांच्या मागे मी ठोकळ्यापाशी उभी राहिले तेव्हा बाईमाणूस खाटकाचं काम करणार म्हणून ज्यांनी नाकं मुरडली, त्यांच्याच सुना आज माझ्याकडे रांग लावतात. माझ्या दुकानात माशी बसत नाही. शिळं मांस ताजं म्हणून कधी गेलेलं नाही. चर्चमध्ये पापं कबूल करायची वेळ आली तरी हे मी मान वर करून आधी सांगेन.

घडलं काय तेही लिहून ठेवते, कारण उपदेश करणाऱ्यांना तपशील विसरायची सवय असते.

खिम्याच्या मशीनमध्ये आतल्या स्क्रूला मांसातल्या शिरा गुंडाळल्या जातात. त्या बोटांनीच ओढून काढाव्या लागतात, दुसरा उपाय नाही. म्हणून बाबांनी मशीनला चावी बसवून घेतली. चावी काढली की बटण दाबा नाहीतर डोकं आपटा, मशीन हलत नाही. आणि बाबांचा नियम होता, हात ज्याचा, चावी त्याच्या खिशात. तुम्ही या घरात वाढलात, तुम्हाला तो बाप्तिस्म्याच्या आधीपासून पाठ आहे.

त्या दिवशी ह्यांनी चावी खिशात न ठेवता ठोकळ्यावर ठेवून हात आत घातला. तेवढं ह्यांचं चुकलं, ते मी मान्य करते. पण ती उचलून कुणी लावली? लंबूने. बटण कुणी दाबलं? लंबूने. का, तर काकांना जरा घाबरवायचं होतं, एकच गिरकी, गंमत म्हणून. त्याला अशा गमतींची हौस होती आणि आम्ही सगळे हसायचो. चार बोटं गेली. तो तिथून जो पळाला तो वर्षभर तोंड दाखवायला आला नाही.

आणि आला तो थेट तुमच्या चर्चमध्ये. सगळ्यांदेखत उभा राहून म्हणाला, मी पाप केलं. तुम्ही खाली उतरलात, त्याला मिठी मारलीत आणि प्रभुभोजनाची भाकर त्याच्या हातात ठेवलीत. ज्या हाताने बटण दाबलं त्याच हातात. माझ्या शेजारी बसून ह्यांचे डोळे भरून आले होते. मी मात्र उठले. दारापाशी जाऊन काय बोलले ते तुम्हाला आठवत असेलच, पुन्हा बोलते: हात माझ्या घरातला, आणि माफी वाटणारा तू कोण?

त्या रविवारपासून मी प्रभुभोजनाच्या मेजापाशी गेलेले नाही. तुमची बदली झाली तेव्हा निरोप द्यायलाही आले नाही. त्याचं मला काही वाटत नाही.

तुम्ही तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाका. शेळ्या कापायचं काम इथे मी करते.

तुमची थोरली बहीण

*

२ फेब्रुवारी

धाकट्या,

पाळकसाहेब म्हणणार नाही, कारण तू 'तायडे' अशी सुरुवात केलीस. हा कावेबाजपणा आहे. लहानपणी काच फोडल्यावरही तू असाच हाक मारायचास.

चार पानं लिहिलीस आणि त्यातलं दीड पान कोकरावर. जगाचं पाप वाहून नेणारं कोकरू म्हणजे प्रभू, ज्याच्या रक्ताने सगळे सुटले. बरं. आता माझं ऐक, कारण कोकराचा विषय निघाला की या घरात मी बोलते.

कोकराला कत्तलखान्याच्या उंबऱ्यापर्यंत काही कळत नाही. उंबऱ्याशी आलं की वास येतो. मग ते चारही पाय रोवतं. मान खाली घालतं आणि मागे रेटतं, एवढासा जीव, पण दोघांना ओढावा लागतो. मी ते काम नीट करते, जनावराला उगाच वेळ लावत नाही, त्यात मला लाज नाही. पण स्वतःच्या पायांनी आत गेलेलं कोकरू मी आयुष्यात पाहिलं नाही. बाबांनीही पाहिलं नव्हतं. तेव्हा ज्याला कुणी विचारलंच नाही, त्याला दावं लावून ओढायचं आणि त्याच्या जिवावर बाकीच्यांनी सुटायचं, हा न्याय मला पटत नाही. तू कितीही गोड आवाजात सांग.

तू माझंही तेच केलंस. माझं दुःख दावं लावून ओढत नेलंस आणि तुझ्या वेदीवर चढवलंस. मला विचारलं नाहीस. ह्यांनी त्याला माफ केलं, ती ह्यांची बोटं होती, ह्यांचा हक्क. पण बोटं गेली त्या दिवसापासून ह्यांच्या वाटचं काम कोण करते? सोललेलं धूड गाडीतून खांद्यावर घेऊन आकड्याला कोण टांगतं? त्या खात्यातली माफी अजून माझ्याकडे आहे आणि ती कुणी मागितलेली नाही.

खांद्याचं तू विचारलंस. कुणी सांगितलं ते मला माहीत आहे, त्यांच्याशी मी घरी बोलले. खांदा ठीक आहे. हाताखालचा माणूस लग्न करून सासरच्या गावी दुकान बघायला गेला, म्हणून सध्या थोडं जास्त पडतं. मिळेल कुणीतरी.

लंबू शनिवारी रांगेत असतो, हेही तुला कळलेलं दिसतं. हो, असतो. सगळ्यांत मागे उभा राहतो, उंचीमुळे लपत नाही. अर्धा किलो घेतो. मी तोलून देते, इतरांना देते तसंच, चांगलं मांस. गिऱ्हाइकाशी मी वैर करत नाही. पण त्याच्याशी बोलत नाही.

आणि तू ह्यांची काळजी करू नकोस. तुझे दाजी आता शर्टाची बटणं डाव्या हाताने स्वतः लावतात. बुटांच्या लेससुद्धा बांधतात. मी पहाटे कत्तलखान्याला जाते तेव्हा ते अंथरुणात असतात, आणि परत येते तेव्हा गळ्यापर्यंत बटणं लावून, भांग पाडून गल्ल्यावर बसलेले. मी गिऱ्हाइकांना दाखवते. म्हणते, बघा, बोटं गेली म्हणून माझा नवरा कुणाच्या हातावर अवलंबून नाही. आम्ही कुणाचे मिंधे नाही.

ताई

*

९ मार्च

धाकट्या,

तुझं छोटं पत्र मिळालं. एवढंच लिहिलंस, "तेच तर, तायडे. बाकीची सगळी ओढून नेलेली. हा एकटा स्वतःच्या पायांनी आला. उंबऱ्याशी वास त्यालाही आला होता." मी वाचलं आणि सुऱ्यांच्या ड्रॉवरमध्ये टाकून दिलं. पण ड्रॉवर दिवसातून किती वेळा उघडावा लागतो ते तुला ठाऊक आहे. लबाड आहेस.

आज लिहिते आहे ते वेगळ्या कारणाने. नीट लिहिता येईल की नाही सांगता येत नाही, कारण मी रागावले आहे आणि कुणावर ते ठरत नाही.

मंगळवारी कत्तलखान्याची पाण्याची लाइन फुटली. काम बंद. मी अर्ध्या तासात घरी परत. दार नुसतं लोटलेलं होतं. आत हे खुर्चीवर बसलेले, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, आणि समोर जमिनीवर गुडघे टेकून लंबू. ह्यांचा बूट त्याच्या मांडीवर. तो लेस बांधत होता. ह्यांनी तोल सावरायला हात त्याच्या खांद्यावर ठेवला होता. उजवा हात, तोच.

मी विचारलं, "कधीपासून?"

हे म्हणाले, "तू चर्चमध्ये बोललीस ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

म्हणजे इतका काळ मी गिऱ्हाइकांना जी बटणं दाखवत मिरवले, ती लंबूने लावलेली होती. मी गाडी काढायची आणि तो कोपऱ्यावरून यायचा. सबंध रस्त्याला हे माहीत असणार. माझ्या तोंडावर "वा वा" म्हणत होते सगळे.

माझं डोकं फिरलं. मी लंबूला म्हटलं, "बटणं लावून बोटं फिटतील असं वाटतं का तुला?"

तो उठला नाही. हातातली गाठ पुरी केली आणि मग म्हणाला, "नाही काकू. ते फिटायचं नाही. फेडायला म्हणून आलो असतो तर महिन्याभरात पळालो असतो. काकांनी सोडलंय मला, म्हणून येतो."

"आणि मी?"

"तुम्ही नाही सोडलं. म्हणून तुम्ही गेल्यावर येतो."

त्याचा आवाज उद्धट नव्हता. आज भाव काय विचारल्यावर सांगावा तसा सांगितला. मग दुसऱ्या बुटाची लेस बांधली, "येतो काकू" म्हणाला आणि दाराच्या चौकटीला डोकं आपटू नये म्हणून वाकून गेला. पूर्वीसारखाच.

नंतर मी ह्यांना खूप बोलले. तू ह्यांना ओळखतोस, माझं संपेपर्यंत हे मीठ लावलेल्या कातड्यासारखे गप्प पडून राहतात. संपल्यावर म्हणाले, "पहिल्या दिवशी तो दारात आला तेव्हा मी हा हात पुढे केला. मला भीती वाटली. ज्याने बोटं घेतली त्याच्याच पुढे उरलेला हात धरायचा होता. त्यालाही एक बटण लावायला इतका वेळ लागला की चहा निवला."

मी म्हटलं, "मग कशाला केलात पुढे? तुमचं काय अडलं होतं?"

"तुझे बाबा म्हणायचे ना, अपराध पोटात घाल. मला वाटायचं नुसतं बोलायचं असतं ते. पोटात घातलं की दुखतं, आणि आपल्याच पोटात दुखतं. त्याच्या नाही. कुणीतरी घातल्याशिवाय ते मिटत नाही. मी घातलं." मग नेहमीसारखं हसून म्हणाले, "टाळीला दोन हात लागतात. माफी एका हाताने होते."

मी स्वयंपाकघरात गेले. तुला खरं सांगते, मला वाईट वाटलं ते लंबूसाठी नाही, ह्यांच्यासाठीही नाही. माझ्या घरात माझ्यापेक्षा मोठं मन कुणाचंतरी आहे, आणि ते मला कळू न देता रोज सकाळी वापरलं जातंय, हे मला सहन झालं नाही. हसू नकोस.

ताई

*

२२ मार्च

धाकट्या,

दोनच ओळी. काल धूड टांगताना खांद्याने दगा दिला. सगळं फरशीवर आलं, रांगेतल्या लोकांसमोर. दुकान घातल्यापासून आपल्या दुकानात मांस जमिनीला लागलेलं नव्हतं. मी ते टाकून दिलं, फरशी धुतली आणि उभी राहिले, पण हात वर होत नव्हता.

रांगेच्या शेवटी लंबू होता. पुढे आला नाही. विचारल्याशिवाय आत पाय टाकायचा नाही एवढं त्याला मी शिकवलं होतं.

मी म्हटलं, "सोमवारपासून ये. तुझ्यासाठी नाही, खांद्यासाठी."

रांगेतले लोक एकमेकांकडे बघत होते. बघू देत.

ताई

*

१८ एप्रिल, शनिवार
दुपार

धाकट्या,

तीन पत्रं पाठवलीस, एकाचंही उत्तर दिलं नाही. सांगण्यासारखं काही नव्हतं. माणूस कामावर आहे, काम करतो, पगार घेतो. हात विसरलेला नाही, हाडापासून मांस अजून तसंच सोडवतो, माझ्यासारखंच म्हणायला हरकत नाही. ह्यांच्या शर्टाची बटणं आता माझ्यासमोर लावली जातात. मी लावायला गेले होते एकदा. हे म्हणाले, तू गळा आवळतेस.

फक्त मशीन. मशीनच्या बाजूला लंबू फिरकत नव्हता. खिमा मीच काढायचे, साफसफाई मीच करायचे, चावी माझ्या ॲप्रनच्या खिशात. मी स्क्रूला हात लावला की हा झाडू घेऊन बाहेरची पायरी धुवायला जायचा. पायरी इतकी स्वच्छ झाली की लोक चपला काढायला लागले. मला ते बरंच वाटत होतं. माफी दिली असा माझाही समज झाला होता. कामावर घेतलं, आणखी काय करायचं, असं मी स्वतःला म्हणत होते.

आज दुपारी दुकान लावून घेतलं. हे मागे खुर्चीवर. मी मशीन उघडलं, चावी काढली, खिशात टाकली आणि आत बघितलं. शिरा चांगल्या गुंडाळलेल्या होत्या. लंबूने झाडू उचलला. आणि त्या झाडूचा मला एकदम राग आला. आणखी किती वर्षं हा पायरी धुणार, आणि मी खिशावर हात ठेवून बघत राहणार?

मी म्हटलं, "झाडू ठेव. इकडे ये."

आला. मी खिशातून चावी काढून त्याच्यापुढे धरली.

"ही घे. खिशात ठेव."

त्याने हात मागे घेतले. "काकू, नको. बाबांचा नियम आहे."

"बाबांचा नियम मला शिकवू नकोस. हात माझा आहे आणि चावी माझी आहे. मी कुणाच्या खिशात ठेवायची ते मी ठरवते. घे."

"मला नाही जमायचं."

"तुला काही करायचंच नाहीये. उभं राहायचंय."

त्याने घेतली. पँटच्या खिशात टाकली आणि दोन्ही हातांनी खिशाचं तोंड असं दाबून धरलं, जणू आत जिवंत काहीतरी होतं आणि ते उडी मारेल. मी बाही वर केली आणि हात आत घातला. उजवा. मनगटाच्या वर.

आता तुला एक सांगते ते दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. हात आत गेला आणि वास आला. रोजचाच, तेलाचा, लोखंडाचा, मांसाचा. पण आज तो मला उंबऱ्यावर आला. माझ्या गळ्यात दावं नव्हतं. मागून कुणी ढकलत नव्हतं. हे नको म्हणायला उठले होते आणि उभ्याउभ्याच थांबले. मी केव्हाही हात काढू शकत होते, कुणी काही म्हणालं नसतं. आणि धाकट्या, तेव्हा मला तुझं कोकरू कळलं. ज्याला ओढून नेतात त्याची दया येते. जो स्वतः जातो, ज्याने आपल्याला मोडलं त्याच्याच हाती स्वतःला देतो आणि तिथे थांबतो, त्याची दया येत नाही. त्याच्यापुढे गप्प व्हावं लागतं. मी आजवर त्याची कीव करत होते. चुकले.

पण तुझंही चुकलंय. तू नेहमी सांगत आलास की क्षमा करायला वाकावं लागतं. मी वाकले नव्हते. एवढी ताठ मान मी बाबांच्या जागी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हाही माझी नव्हती.

शिरा निघाल्या. एकेक करून सगळ्या काढल्या. निघाल्यावरही मी हात थोडा वेळ आतच ठेवला. कामापुरता ठेवला असता तर ते नुसतं काम झालं असतं.

मग हात काढला, धुतला आणि म्हटलं, "सोडलं. आता चावी दे."

त्याला खिशातून ती काढता येईना. बोटंच चालत नव्हती. हे पुढे आले आणि अंगठा त्याच्या खिशात घालून त्यांनी चावी वर ढकलली. एवढा लांबलचक गडी ठोकळ्यावर डोकं टेकून रडायला लागला. मी म्हटलं, "रडायचं तर बाहेर जा. आत्ताच पुसलाय." गेला नाही. मीही पुन्हा सांगितलं नाही.

उद्या रविवार. नवा पाळक फार लांबण लावतो आणि 'अनंतकाळ' म्हणताना घड्याळाकडे बघतो, तरी मी जाणार आहे. मेजापाशीही जाईन. लंबू एका बाजूला, हे दुसऱ्या बाजूला. ह्यांच्या तळहातावर भाकर टिकत नाही, पडते. ती एका बाजूने मी धरेन आणि दुसऱ्या बाजूने तो धरेल. रस्त्यातल्या सगळ्यांनी बघावं म्हणून आम्ही पुढच्या बाकावर बसणार आहोत.

आणि तू ये. तुझं माझं भांडण संपलेलं नाही. माझी माफी तू मला न विचारता वाटलीस, ते चूक ते चूकच. त्याची तुला माझ्याकडे वेगळी माफी मागावी लागेल, दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. मागितलीस तर देईन. हल्ली मला जमतं.

येताना जुने कपडे आण, खांदा अजून दुखतो, तुला धूड उचलायला लावणार आहे. आणि ह्या पत्रातलं अक्षर नीट बघून घे. हात तोच आहे, उजवा.

तुझी
तायडी